उचलली जीभ, लावली कुठे? मराठी व्यंजनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात गेली काही वर्षे मी हौशी नाटकवाल्यांसाठी, निवेदन करणाऱ्यांसाठी आणि अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठी उच्चाराचे छोटे वर्ग घेतो. मंडळी बदलतात, प्रश्न मात्र फिरून तेच येतात. म्हणून ते उत्तरांसह एकदा लिहून ठेवले आहेत. वाचताना हाताशी एक लहान आरसा असावा आणि उदाहरणे मनात न म्हणता तोंडाने मोठ्याने म्हणावीत, कारण व्यंजन ही नुसत्या डोळ्यांनी शिकण्याची गोष्ट नव्हे.

व्यंजन म्हणजे नेमके काय? त्याचा उच्चार स्वराशिवाय होतच नाही, हे खरे का?

फुप्फुसांतून निघालेली हवा स्वरयंत्रातून, घशातून आणि तोंडातून बाहेर पडताना तिला कोठेही अडवले नाही तर स्वर उमटतो; ओठ, दात, जीभ, टाळा यांपैकी कोणी तिची वाट बंद केली, चिंचोळी केली किंवा बाजूला वळवली की व्यंजन तयार होते. ‘व्यंजनाचा उच्चार स्वराच्या साहाय्याशिवाय होत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेले आहे, पण ते निम्मेच खरे आहे. कुकरची वाफ सुटावी तसा ‘स्ऽऽ’ दम टिकेल तोवर म्हणता येतो, वर्ग शांत करायला शिक्षक नुसता ‘श्ऽऽ’ करतात आणि होकार देताना आपण ओठ मिटून ‘म्ऽऽ’ म्हणतो. या तिन्हींत स्वराचा मागमूसही नसतो.

ते वाक्य लागू पडते प्, त्, क् यांसारख्या व्यंजनांना. त्यांत हवा पूर्ण कोंडलेली असते तोवर ऐकू येण्यासारखे काहीच नसते. दार उघडताना होणारा छोटासा फट्‌कारा आणि शेजारच्या स्वराला मिळालेले वळण, एवढ्यावरच कान ते व्यंजन ओळखतो. लिपीत ‘क’ लिहिला की त्यात ‘अ’ न सांगता आलेला असतो, त्यामुळे आपल्याला व्यंजन स्वरासकटच दिसते आणि स्वराशिवाय ते असूच शकत नाही, असा समज पक्का होतो.

एखादे व्यंजन ओळखायचे, तर कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात?

अडथळा कोठे झाला हे पाहिले की ‘स्थान’ कळते आणि तो कितपत झाला हे पाहिले की ‘प्रयत्न’ कळतो. त्यानंतर गळ्यातले स्वरतंतू त्या वेळी थरथरत होते का, सोबत श्वासाचा जास्तीचा झोत होता का आणि नाकाची वाट उघडी होती का, एवढे विचारले की मराठीतले जवळजवळ प्रत्येक व्यंजन आपल्या जागी जाऊन बसते.

प्रयत्नाचे प्रकार समजायला सोपे आहेत. हवा पूर्ण कोंडून एकदम सोडली तर क, त, प यांसारखी स्फोटक व्यंजने मिळतात, ज्यांना जुन्या परिभाषेत स्पर्श म्हणतात. बारीक फट ठेवून हवा घासत नेली तर स, श ही घर्षक व्यंजने होतात. आधी कोंडायची आणि मग घासत सोडायची असे दोन्ही केले की च, ज ही अर्धस्फोटक व्यंजने होतात. ल आणि ळ म्हणताना जीभ मध्ये टेकलेली असते पण हवा तिच्या कडांवरून निसटते, म्हणून ती पार्श्विक. र म्हणताना जिभेचे टोक थरथरते, म्हणून तो कंपित. आणि य, व यांत अडथळा इतका नाममात्र असतो की त्यांना अर्धस्वर म्हणतात.

नाकाच्या वाटेचे महत्त्व सर्दी झाल्यावर कळते. ‘ब’ आणि ‘म’ या दोहोंत ओठ सारखेच मिटतात, स्वरतंतूही सारखेच थरथरतात. फरक इतकाच की ‘म’ म्हणताना टाळ्याचा मागचा मऊ भाग खाली उतरून हवेला नाकाकडे जाऊ देतो. नाक चोंदले की ती वाट असून नसल्यासारखी होते आणि ‘माझं नाक चोंदलंय’ हे वाक्य ‘बाझं दाक चोंदलंय’ असे बाहेर पडते.

वर्णमालेचा क्रम कशावरून ठरला?

क, च, ट, त, प या पाच ओळी सावकाश म्हणून पाहाव्यात. जीभ आणि अडथळा घशाकडून ओठांकडे पुढेपुढे सरकत येतात: क-वर्ग सर्वांत मागे, प-वर्ग थेट ओठांवर. प्रत्येक ओळीत पहिली दोन अक्षरे अघोष (स्वरतंतू न थरथरता म्हटलेली), पुढची दोन घोष (स्वरतंतू थरथरत असताना म्हटलेली), दुसरे आणि चौथे महाप्राण (श्वासाच्या जास्तीच्या झोतासह; तो झोत नसलेली ती अल्पप्राण), पाचवे नासिक्य (नाकाची वाट उघडी ठेवून म्हटलेले). म्हणजे आडवे गेले तर स्थान तेच राहते आणि गळ्यातले, नाकातले काम बदलते. उभे गेले तर ते काम तेच राहते आणि स्थान बदलते. ‘क, च, ट, त, प’ हा पहिला रकाना अघोष अल्पप्राणांचा आहे, हे एकदा दिसले की उरलेले पाठ करावे लागत नाही. या पंचवीस स्पर्शांपुढे य, र, ल, व, मग श, ष, स, मग ह आणि शेवटी ळ, अशी शालेय व्याकरणात एकूण ३४ व्यंजने मोजतात. ही मोजणी अक्षरांची आहे, ध्वनींची नव्हे, आणि पुढचे बरेचसे प्रश्न याच फरकातून निघालेले आहेत.

‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण बेजबाबदार बोलण्याविषयी असली, तरी शब्दशः पाहता ती च-वर्ग आणि ट-वर्ग यांचे चांगले वर्णन आहे. प-वर्गात मात्र जिभेला काहीच काम नसते.

परंपरेत क-वर्ग ‘कंठ्य’ आणि र ‘मूर्धन्य’ आहे. नव्या पुस्तकांत वेगळे का लिहितात?

संस्कृत वैयाकरणांनी अ, क-वर्ग, ह आणि विसर्ग यांना मिळून ‘कंठ’ हे स्थान दिले. प्रत्यक्षात ‘क’ म्हणताना जिभेची मागची बाजू टाळ्याच्या मागच्या मऊ भागाला टेकते, म्हणून आजचे अभ्यासक त्याला मृदुतालव्य म्हणतात. ‘ह’ मात्र खरोखरच गळ्यातला आहे. र परंपरेने ट-वर्गाबरोबर मूर्धन्य, म्हणजे जिभेचे टोक वर वळवून टाळ्याला लावून म्हटलेला, गणला गेला, पण आजच्या मराठीत त्यासाठी जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीपाशी थरथरते. परंपरेने चूक केली असे म्हणण्याचे कारण नाही. घोष आणि अघोष हा भेद गळ्यातले द्वार मिटलेले आहे की उघडे, यावरून होतो हे प्रातिशाख्यकारांना (वेदांच्या उच्चाराचे नियम सांगणारे प्राचीन ग्रंथ लिहिणाऱ्यांना) ठाऊक होते, आणि युरोपातल्या अभ्यासकांना ही गोष्ट नीट उमगली ती १९व्या शतकात, तीही संस्कृत व्याकरणाशी ओळख झाल्यानंतर. परीक्षेत जे नाव विचारले असेल ते लिहावे; उच्चार करताना जिभेला विचारावे.

जीभ कोठे टेकते, हे स्वतःचे स्वतःला पाहता येईल का?

येते, आणि वर्गातला सगळ्यांत आवडता तास हाच असतो. ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळांत कोळशाची भुकटी तेलात कालवून जिभेला लावतात आणि उच्चारानंतर टाळ्यावर उमटलेल्या डागाचे छायाचित्र घेतात. आम्ही कोळशाऐवजी कोको पावडर घेतो. चिमूटभर कोकोत थेंबभर गोडेतेल कालवायचे, कापसाच्या काडीने जिभेच्या टोकाला आणि पुढच्या भागाला लावायचे, एकच शब्द एकदाच म्हणायचा, लगेच तोंड उघडे ठेवून खाली आरसा धरायचा आणि शेजाऱ्याने मोबाइलचा उजेड पाडायचा. मध्ये थुंकी गिळली तर सगळे पुन्हा करावे लागते.

शब्द असे निवडावेत की त्यांत जीभ एकदाच टेकेल. ‘आता’ म्हटल्यावर वरच्या दातांच्या मागे तपकिरी पट्टा दिसतो. तोंड धुऊन ‘आटा’ म्हटले की दात स्वच्छ राहतात आणि हिरडीच्या उंचवट्यामागे कमानीसारखा डाग उमटतो. मागच्या खेपेला एका मुलीने ‘मामाचा’ आणि ‘मामाच्या’ हे दोन शब्द घेतले (म ओठांवरचा असल्याने जिभेचा डाग फक्त ‘च’चाच राहतो). पहिल्या वेळी डाग दातांच्या मुळाशी, बारीक. दुसऱ्या वेळी मागे आणि चांगला रुंद. आरशात बघून ती म्हणाली, “सर, पण अक्षर तर एकच आहे की!” पुढचा प्रश्न तिचाच.

‘च’ एक आहे की दोन?

अक्षर एक आहे, ध्वनी दोन आहेत. ‘चार’ या संख्येतला च तालव्य आहे: जिभेचे पाते टाळ्याला लागते. ‘चारा’ या गुरांच्या खाद्यातला च दंततालव्य आहे: जिभेचे टोक दातांच्या मुळाशी लागते आणि ऐकायला तो ‘त्स’च्या जवळ जातो. ज आणि झ यांचेही असेच दोन-दोन उच्चार आहेत. छ मात्र मराठीत तालव्यच आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, हे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे आहेत, पण कोणताही मराठी माणूस बोलताना त्यांची गल्लत करत नाही.

ही वाटणी पूर्णपणे मनमानी नाही. पुढे इ, ई, ए किंवा य आला की मराठी शब्दांतला दंततालव्य ध्वनी तालव्य होतो, कारण हे स्वर जिभेला टाळ्याकडे ओढतात. सगळ्यांत सोपा पुरावा षष्ठीच्या प्रत्ययात आहे: ‘कोल्हापूरचा’ म्हणताना च दातांपाशी असतो, ‘कोल्हापूरची’ आणि ‘कोल्हापूरच्या’ म्हणताना तो मागे सरकतो. लेखी ‘कोल्हापूरचे’ तालव्य आहे, पण बोलताना आपण ‘कोल्हापूरचं’ म्हणतो तेव्हा ए नाहीसा होतो आणि च परत दातांपाशी येतो. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात पहिला च तालव्य आणि दुसरा दंततालव्य आहे. दुसरी खूण अशी की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा तालव्य उच्चार टिकवतात आणि मराठीत रुळून बदललेले शब्द दंततालव्य होतात. ‘चंद्र’ तालव्य आहे आणि त्याचेच ‘चांदणे’ दंततालव्य. जोतिबाच्या डोंगरावर गुलालात उठणारे ‘चांगभलं’ याच दुसऱ्या गटातले आहे.

नव्याने मराठी शिकणाऱ्यांची इथे फार अडचण होते, कारण लिपी काहीच सांगत नाही. काही कोशांत आणि भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत दंततालव्य उच्चारासाठी अक्षराखाली नुक्ता, म्हणजे एक टिंब, देतात. नेहमीच्या लेखनात त्याची गरज नाही, पण बालवाचनात किंवा नाटकाच्या संहितेत अडलेल्या ठिकाणी तो द्यायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

घोष आणि अघोष यांतला फरक कसा जाणवेल?

दोन्ही कानांत बोटे घालून आधी ‘अप्पा’ म्हणावे, मग ‘अब्बा’. जोडाक्षरामुळे ओठ थोडे जास्त वेळ मिटलेले राहतात. पहिल्या शब्दात त्या क्षणी डोक्यात शांतता असते आणि दुसऱ्यात गुणगुण चालू असते. ही गुणगुण म्हणजे स्वरतंतूंची थरथर. साधारणपणे पुरुषांत ती सेकंदाला शंभर-दीडशे वेळा आणि स्त्रियांत दोनशेच्या आसपास होते.

आता ओठ मिटून नुसता ‘ब्’ धरून ठेवण्याचा प्रयत्न करावा. गाल फुगतात आणि क्षणार्धात नाद बंद पडतो, कारण बंद तोंडात हवा भरली की खालून वर येणारा प्रवाह थांबतो आणि प्रवाहाशिवाय स्वरतंतू हलत नाहीत. ‘म्’ मात्र खुशाल लांबवता येतो. हवा नाकातून जात राहते.

अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद श्वासाच्या जोराचा आहे का?

जोरापेक्षा वेळेचा आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. ‘पळ’ म्हणताना ओठ उघडताच स्वर सुरू होतो. ‘फळ’ म्हणताना ओठ उघडल्यावर सेकंदाचा एक छोटासा अंश नुसता श्वास बाहेर पडतो आणि मग स्वर लागतो. निरांजनाची ज्योत वीतभर अंतरावर ठेवून दोन्ही शब्द म्हणावेत. पहिल्याने ती जेमतेम हलते, दुसऱ्याने चांगली वाकते. (अलीकडे पुष्कळजण ‘फळ’ हा शब्द ‘फोन’सारखा, खालचा ओठ वरच्या दातांना लावून म्हणतात. तो फ महाप्राण स्फोटक राहत नाही, घर्षक होतो. ज्योतीचा प्रयोगही मग फसतो.)

१९६४ साली लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी अभ्यासकांनी अकरा भाषांतल्या स्फोटक व्यंजनांत दार उघडणे आणि स्वरतंतूंची थरथर सुरू होणे यांमधला हा कालावधी मोजला. त्या अकरांत मराठी होती. बहुतेक भाषांत या एकाच मापाने गट वेगळे करता आले, पण मराठी आणि हिंदीपाशी ते अडले. प, फ आणि ब हे तीन वेगळे झाले. ब आणि भ मात्र होईनात, कारण दोहोंतही स्वरतंतू आधीपासूनच थरथरत असतात. भ, ध, घ यांचे वेगळेपण दार उघडल्यानंतरच्या भागात आहे: स्वरतंतू पुरते न मिटता सैलसर थरथरतात आणि नादाबरोबरच श्वास झिरपतो. जगातल्या थोड्याच भाषांत असणारी ही चीज आपण ‘भाकरी’ म्हणताना रोज वापरतो.

गडहिंग्लज, शिरोळ या भागांतून येणारे, घरी कन्नड बोलणारे विद्यार्थी ण आणि ळ फार सुरेख म्हणतात, पण बोलीभाषेतल्या कन्नडात महाप्राण सौम्य होत असल्यामुळे त्यांचा ‘भात’ कधीकधी ‘बात’ होतो. अशांना मी ज्योतीसमोर नव्हे, तळहातासमोर सराव करायला सांगतो. ज्योत दोन-तीन शब्दांतच विझते.

‘कोल्हापूर’मध्ये ल आणि ह वेगळे म्हणायचे की एकत्र?

एकत्र, आणि हा प्रश्न गावाच्या नावापुरता मर्यादित नाही. ल्ह, म्ह, न्ह, ण्ह, ऱ्ह, व्ह ही लेखनात जोडाक्षरे दिसतात, पण उच्चारात ती एकेक महाप्राण ध्वनीसारखी वागतात, जसा ब ला भ तसा ल ला ल्ह. ‘कोल्-हापूर’ असे तोडून म्हणणारा माणूस बाहेरगावचा आहे हे इथल्या रिक्षावाल्याला लगेच कळते, ते यामुळेच. पन्हाळा, मल्हार, कण्हेर, कुऱ्हाड, जिव्हाळा हे याच पठडीतले.

हा एकच ध्वनी कशावरून, असे विचारणाऱ्याला दोन पुरावे देता येतात. पहिला छंदशास्त्राचा: जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर एरवी गुरू धरतात, पण ‘तुम्ही’तला तु आणि ‘पुन्हा’तला पु हे लघूच राहतात, कारण पुढच्या अक्षराचा आघात मागे येत नाही. दुसरा शब्दारंभाचा: म्हैस, न्हावी, ऱ्हास, व्हावे हे शब्द आपण कोठेही न अडखळता सुरू करतो.

इथल्या रांगड्या बोलीने तर या ध्वनींचा सपाटाच लावला आहे. ‘नाही’चे ‘न्हाई’, ‘लहान’चे ‘ल्हान’, ‘राहिला’चा ‘ऱ्हायला’, ‘होय’चे ‘व्हय’ होते तेव्हा शब्दात इतरत्र असलेला ह सुटून सुरुवातीच्या व्यंजनात मिसळतो. ‘होय’मध्ये तर ओ या स्वराचे ओठांचे काम व उचलतो आणि ह त्याच्या अंगात शिरतो. याला आळशी उच्चार म्हणणाऱ्यांनी ‘न्हाई’ नीट म्हणून दाखवावे. नासिक्य आणि महाप्राण यांची एकाच वेळी सांगड घालणे ही सोपी कसरत नाही, आणि शेतावरचा म्हातारा ती सहज करतो.

अनुस्वाराचा नेमका उच्चार काय?

पुढचे व्यंजन ज्या स्थानाचे असेल त्या स्थानाचे नासिक्य. ‘पंचगंगा’ या नावात दोन टिंबे आहेत आणि दोहोंचे उच्चार वेगळे आहेत: च च्या आधी ञ्, ग च्या आधी ङ्. ‘रंकाळा’त ङ् आहे, ‘अंबाबाई’त म् आहे. जेवायला बसल्यावर तांबडा रस्सा म्हणताना ओठ मिटतात, कारण टिंबापुढे ब आहे. पांढरा रस्सा म्हणताना जीभ वळून ण् होतो, कारण पुढे ढ आहे. हे ठरवून करावे लागत नाही. पुढच्या व्यंजनासाठी जीभ आधीच निघालेली असते.

पंचाईत होते ती पुढे स्फोटक व्यंजन नसेल तेव्हा. मराठीत संवाद, सिंह, हंस, संयम या शब्दांत न् किंवा म् म्हणत नाहीत. ‘सव्ँवाद’, ‘सिव्ँह’, ‘हव्ँस’, ‘सय्ँयम’ असे नाकातले व आणि य उच्चारले जातात. निवेदनात ‘सम्वाद’ ऐकला की हिंदीचा वारा लागला आहे असे खुशाल समजावे.

‘पानी’ म्हणणे चूक आहे का?

ण मूर्धन्य आहे, न दंत्य. दोन्ही घोष, दोन्ही नासिक्य. महाराष्ट्रातल्या अनेक बोलींत ण च्या जागी न येतो आणि त्या बोलींचे स्वतःचे नियम त्यात नीट पाळले जातात. शाळेत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत माझ्या मित्राने दुष्काळावर फार जीव तोडून भाषण केले होते. परीक्षकांनी त्याच्या मुद्द्यांविषयी एक शब्द न काढता भर सभागृहात त्याच्याकडून पाच वेळा ‘पाणी’ म्हणवून घेतले. तो पुन्हा व्यासपीठावर चढला नाही.

प्रमाण मराठीत बोलायचे असेल तेव्हा ण शिकावा, आणि तो शिकायला अवघडही नाही: ‘ट’ म्हणण्यासाठी जीभ जेथे वळते तेथेच ती ठेवून नाकातून नाद सोडायचा. ‘घंटा’ म्हणताना प्रत्येकाची जीभ ण पर्यंत पोहोचतेच, मग तो एरवी ‘पानी’ म्हणत असो; म्हणून मी सरावाची सुरुवात ‘घंटा’, ‘अंडे’, ‘पांढरा’ यांपासून करतो आणि मग टिंबापुढचे व्यंजन काढून टाकायला सांगतो. बोलीत बोलायचे असेल तेव्हा मात्र ‘पानी’च बरोबर.

ळ कसा काढावा? तो फक्त मराठीत आहे का?

जिभेचे टोक मागे वळवून टाळ्याला हलकेच लावावे, हवा कडांवरून जाऊ द्यावी आणि टोक पुढे फटकारत खाली आणावे. ल मध्ये टोक दातांच्या मुळाशी शांत बसते. ळ मध्ये ते फार वेळ टेकतच नाही. ‘ड’ म्हणण्यासाठी जीभ वळवून तिथूनच ‘ल’ म्हणायला सांगितले की अमराठी विद्यार्थ्यांना बहुधा जमते.

ळ फक्त आपला, हा अभिमान निराधार आहे. कन्नड, तमिळ, मल्याळम, गुजराती, ओडिया या भाषांत तो आहे. ऋग्वेदाची सुरुवातच ‘अग्निमीळे’ने होते, जेथे दोन स्वरांमध्ये आलेल्या ड चा ळ झाला आहे. पुढच्या अभिजात संस्कृतात तो उरला नाही. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. मराठीत ळ ने किंवा ण ने शब्द सुरू होत नाही, म्हणून लहान मुलांच्या तक्त्यात ‘ण’ बाणाचा आणि ‘ळ’ बाळाचा असतो. दोघेही शब्दाच्या शेपटाकडचे.

श आणि ष यांत उच्चाराचा फरक आहे का?

आजच्या मराठी बोलण्यात जवळजवळ नाही; दोन अक्षरे, ध्वनी एक. ‘कष्ट’, ‘नष्ट’ अशा शब्दांत पुढच्या ट मुळे जीभ आपोआप मागे वळते आणि खरा मूर्धन्य ष तेवढ्यापुरता उमटतो. ‘भाषा’ आणि ‘आशा’ यांतला फरक लेखनापुरता उरला आहे. ‘ज्ञ’चेही असेच: मूळ ज् + ञ, मराठी उच्चार ‘द्न्य’, हिंदी उच्चार ‘ग्य’.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत र वेगळा आहे का?

र तोच आहे, तो कोणाच्या पदरात पडतो हे वेगळे आहे. समुद्र या अर्थाच्या ‘दर्या’त र पहिल्या अक्षराला चिकटून ते जड करतो, ‘दर्-या’. पन्हाळ्याभोवतीच्या ‘दऱ्या’त तो पुढच्या य बरोबर जातो आणि पहिले अक्षर हलके राहते, ‘द-ऱ्या’. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत गफलत झाली तर लग्नघरी गोंधळ होईल.

इंग्रजी शब्दांतला टी आपण ‘ट’ का म्हणतो, ‘त’ का नाही?

इंग्रजांची जीभ हिरडीवर टेकते, म्हणजे आपल्या त आणि ट यांच्या मध्ये. आपल्या कानाला तो ध्वनी ट च्या घरात बसवावासा वाटला, म्हणून ‘टेबल’ आले आणि ‘तिकिटा’च्या शेजारी ‘टिकीट’ही आले. थ च्या घराजवळचा त्यांचा घर्षक ध्वनी ‘थिएटर’मध्ये आपण सरळ महाप्राण त केला. इंग्रजीतल्या दोन व-सदृश ध्वनींसाठी मराठीने चांगली युक्ती काढली आहे: दात-ओठांच्या घर्षक ध्वनीला ‘व्ह’ (व्हिडिओ, व्होल्टेज) आणि ओठ गोल करून म्हटलेल्याला ‘व’ (वॉर्ड). खरे तर ‘व्हय’मधला व्ह आणि ‘व्हिडिओ’तला व्ह एक नव्हेत, पण सोय म्हणून ते चालून गेले.

फोनवर स आणि फ, प आणि त यांची चुकामूक का होते?

जुन्या दूरध्वनी यंत्रणेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. स चा सळसळाट बहुतांशी ४००० हर्ट्‌झच्या वर असतो, म्हणजे त्याची ओळखच वाटेत गळते. प, त, क यांची ओळख क्षणिक फट्‌काऱ्यात असते, तोही अर्धवट पोहोचतो. नाव सांगताना आपण ‘स सशाचा, प पतंगाचा’ म्हणतो ते यासाठी. व्यंजन घोष आहे की अघोष, नासिक्य आहे की नाही, हे मात्र खालच्या पट्ट्यातून कळत असल्याने त्यात सहसा दगा होत नाही.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे आणि र ऐवजी ल म्हणतो. काळजी करावी का?

ओठांची व्यंजने मुलांना आधी येतात, म्हणून मामा, बाबा लवकर येतात. र ला जिभेच्या टोकावर बारीक ताबा लागतो आणि पुष्कळ मुलांचा तो पाच-सहा वर्षांपर्यंत रखडतो. चौथ्या वर्षी ‘लंकाळा’ ऐकून हसावे, पण मुलासमोर नव्हे. शब्द मोजके असतील, घराबाहेरच्यांना बोलणे कळत नसेल किंवा हाक मारल्यावर तो वळत नसेल, तर वाट न पाहता आधी श्रवणचाचणी करून वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे. जो ध्वनी कानांना नीट ऐकू येत नाही तो तोंडाला सापडत नाही.

‘च्यक्’ हे व्यंजन आहे का?

नकार देताना किंवा हळहळ व्यक्त करताना आपण जो ‘च्यक्’ काढतो त्यात फुप्फुसांतली हवा वापरलेलीच नसते. जिभेचे टोक दातांमागे आणि मागची बाजू मऊ टाळ्याला चिकटवून मधली हवा विरळ केली जाते, आणि टोक सोडताच बाहेरची हवा आत घुसून आवाज होतो. मराठीत तो शब्दात येत नाही, म्हणून त्याला वर्णमालेत जागा नाही आणि ‘च्यक्’ हे लेखन म्हणजे नुसता अंदाज आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा या भाषांत असे ध्वनी सरळ शब्दांच्या मध्यभागी, आपल्या क-च सारखे येतात. बैल हाकताना गाडीवान जिभेची कड सोडवून गालातून जो आवाज काढतो, त्याच जातीच्या ध्वनीने ‘खोसा’ हे नाव त्या भाषेत सुरू होते. आपण लिहितो तो ‘ख’ त्यात नाहीच.